पेपर वाचण्याआधी हे वाचा (फुकट आहे)

संशोधनात नाव काढायला निघालेल्या तरुण मंडळींसाठी काही सूचना. सगळ्या अनुभवाच्या आहेत, तेव्हा बिनधास्त अमलात आणा.

दुसऱ्याचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापण्याआधी तपासून देण्याची (रिव्ह्यूची) विनंती आली की लगेच होकार कळवा. परवाच एका बड्या परदेशी प्रकाशकाची मला ईमेल आली. खाडीच्या गाळातल्या जिवाणूंवर कुणाचा तरी पेपर आला होता आणि 'आपल्यासारख्या मान्यवर तज्ज्ञाचं' मत हवं होतं. मान्यवर म्हटलं की माणूस विरघळतोच. मानधन? छे, ज्ञानसेवेला कसलं मानधन! बसलो वाचायला. त्या पेपराचा सगळा डोलारा एका जुन्या संदर्भावर उभा होता. पद्धत तिथली, आकड्यांची तुलनाही तिथल्याच तक्त्याशी. तो तक्ता बघावा म्हणून क्लिक केलं, तर सारांश दिसला आणि त्याच्याखाली निळं बटण: अठ्ठेचाळीस तास वाचण्यासाठी चाळीस डॉलर, कर वेगळा. जर्नल कुणाचं? ज्याच्यासाठी मी फुकट राबत होतो, त्याच प्रकाशकाचं. नऊ पानांचे साडेतीन हजारांच्या घरात, आणि परवा ती पानंही गायब होणार. मी नम्रपणे कळवलं की बाबांनो, तुमचंच काम करतोय, तेवढी पीडीएफ पाठवता का? उत्तर आलं, 'कृपया आपल्या संस्थेच्या ग्रंथालयाशी संपर्क साधा.'

साधला. लायब्ररीयन मॅडम नुसत्या हसल्या.

तेव्हा नोकरी बघायची तर सरकारी संस्थेतच बघा. जर्नलांची वर्गणी सरकारनेच एकदम भरायची, अशी 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० जर्नलं, ६,३०० च्या वर संस्था. पण या संस्था केंद्र आणि राज्य सरकारांच्या. आमचं कॉलेज विनाअनुदानित, म्हणजे आम्ही बहुधा राष्ट्रात मोडत नाही. विद्यापीठ तेच, सिलॅबस तोच, सकाळी लोकलला लोंबकळणारी मुलंही तीच. दोन स्टेशनं पुढच्या सरकारी कॉलेजात जो पेपर उघडतो, तो आमच्याकडे उघडत नाही एवढंच.

कुलपातले पेपर फुकट देणाऱ्या साय-हब या साइटचं नाव काढू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ती भारतात बंद करायला लावली. तुमच्या गाईडच्या थिसिसमागची ती लांबलचक संदर्भसूची कुठून वाचून झाली होती, हेही विचारू नका.

वाचायला पैसे नसतील तर छापून आणायला खर्च करा. यालाच ओपन ॲक्सेस म्हणतात. संशोधन नेटवर कुणालाही विनामूल्य वाचता यावं, असं २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात भल्या माणसांनी लिहिलं होतं. प्रकाशकांनी ते इतकं मनावर घेतलं की वाचकाच्या पुढ्यातलं बिल उचलून थेट लेखकाच्या पुढ्यात ठेवलं. 'नेचर' या नामांकित जर्नलने २०२१ पासून एका पेपरामागे त्याचा दर लावला ९,५०० युरो. आपल्याला परवडणारी जर्नलं त्या मानाने स्वस्त, दोन-तीन हजार डॉलरमध्ये काम होतं. गरीब देशांना सवलत असते, ती मागून बघा. माझ्या एका सहकारी मॅडमनी मागितली होती. जागतिक बँकेच्या वर्गवारीत आपण निम्न-मध्यम उत्पन्नाचा देश, पण सवलतीच्या खिडकीवर 'आपल्या देशाची अर्थव्यवस्था मोठी आहे, क्षमस्व'. मॅडम तासिका तत्त्वावर शिकवतात. जूनमध्ये घेतलेल्या तासांचे पैसे त्यांच्या हातात दिवाळी उलटल्यावर पडतात. मोठी अर्थव्यवस्था ती हीच.

त्यातही हायब्रिड जर्नल निवडा, मजा येते. एकाच अंकात काही पेपर लेखकाच्या पैशाने उघडे, बाकीचे कुलपात, आणि ग्रंथालयाची वर्गणी आहेच. जरा हिशेब मांडा हो! अनुदान करदात्याचं. ओहोटीची वेळ बघून गुडघाभर चिखलात उतरली आपली एमएस्सीची पोरगी, बरण्या भरून बसने परत आली ती तीच. लिहिलं आपण. तपासलं आपल्यासारख्याच कुणीतरी, फुकट. कॉपीराइट सही करून देऊन टाकला, तोही फुकट. आणि एवढं झाल्यावर स्वतः बांधलेल्या खोलीत राहायला पागडी मोजायची! प्रकाशकाने केलं काय? टाइपसेटिंग, आणि तेही बऱ्याचदा चेन्नईत कुणाकडून तरी करून घेतलेलं. प्रूफमध्ये माझ्याच आडनावाचं स्पेलिंग मीच दुरुस्त करतो. एल्सव्हियर या बड्या प्रकाशकाच्या मूळ कंपनीचे वार्षिक अहवाल नेटवर आहेत (ते मात्र फुकट वाचता येतात). संशोधन प्रकाशनाच्या विभागात शंभराच्या विक्रीमागे पस्तीसहून जास्त नफा! लेखक फुकट, परीक्षक फुकट, कच्चा माल फुकट. पस्तीसच का, हा खरा प्रश्न आहे.

जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या पेपरांचे सरासरी किती दाखले दिले गेले तो आकडा, दशांशासकट पाठ ठेवा. पेपरात काय लिहिलं होतं ते विसरलात तरी चालेल.

फारच घाई असेल तर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांच्या, 'डियर रिस्पेक्टेड सर' अशी सुरुवात असलेल्या ईमेलला उत्तर द्या. तीन दिवसांत स्वीकार, सर्टिफिकेटसह. यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादीसुद्धा २०२५ मध्ये गुंडाळली, त्यामुळे आता अडवणारं कुणी नाही.

इथल्या जर्नलांकडे मात्र चुकूनही फिरकू नका. परळला केईएमच्या आवारातली डॉक्टर मंडळी १९५५ पासून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' चालवतात आणि नेटवर ते कुणालाही फुकट वाचता येतं. इतकं सहज मिळतंय म्हणजे त्यात काही दम नसणारच.

असो. प्रकाशक धंदा करायलाच बसलाय, त्याच्यावर किती चिडणार? चीड येते ती आपल्याच लोकांची. प्राध्यापकांच्या बढतीच्या (कॅसच्या) फायली तपासणाऱ्यांची, मुलाखतीला टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांची. उमेदवाराचा पेपर उघडूनही बघत नाही तुम्ही. जर्नलचं नाव बघता, आकडा बघता, गुण देता. नंतर सेमिनारच्या चहाला 'किती महाग झालीत हो जर्नलं' म्हणून हळहळता. अहो, ती तुम्हीच महाग केलीत! त्या नावाशिवाय बढती नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर ते मागतील तो भाव मिळतो.

आणि आपण बाकीचे? केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी २०१४ मध्येच धोरण काढलं की आमच्या पैशातून झालेल्या संशोधनाची प्रत खुल्या संग्रहात ठेवा. तुम्ही ठेवलीत? शेजारच्या केबिनमधल्या सरांनी ठेवली? बहुतेक मोठे प्रकाशक लेखकाला स्वतःची स्वीकृत प्रत, काही महिन्यांनी का होईना, तिथे टाकू देतात. भौतिकशास्त्रवाले १९९१ पासून आपले पेपर छापून यायच्या आधीच आर्काइव्ह (arXiv) या खुल्या संग्रहावर टाकताहेत, त्यांचं काही अडलं नाही. आपल्याला मात्र पासवर्ड आठवत नाही, वेळ नाही, नॅकची तपासणी आलीय. ते राहू दे. महिन्यापूर्वी कुठल्याशा कॉलेजच्या मुलाने ईमेल करून तुमच्या पेपराची पीडीएफ मागितली होती, तिला अजून उत्तर नाही. फाइल तुमच्या डेस्कटॉपवरच पडली आहे. पाठवा ती.