तांबडा नको, तर पांढरा दे!

कोल्हापुरात कुत्रं पाळलं की त्याला काय घालायचं हा प्रश्न मालकाला पडतच नाही. तो गल्लीला पडतो, आणि गल्लीकडं उत्तर तयार असतं. आमचा गुंड्या, जातीनं लॅब्राडोर. मी कुत्र्याच्या खाद्याच्या पोत्यांवरची बारीक अक्षरं वाचतोय तोवर तालमीतल्या वस्तादांनी त्याला बदाम नि तूप सांगून टाकलं, मटणवाल्यानं हाडं बाजूला काढून ठेवली आणि शेजारच्या काकू सत्यनारायणाचा शिरा घेऊन आल्या. बेदाण्यांसकट.

डॉक्टरांनी सगळ्यावर काट मारली. बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक. शिजवलेलं हाड फुटलं की त्याचे टोकदार तुकडे आतडं फाडतात. आणि कांदा-लसूण तर बोटभरसुद्धा नाही, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मी मान डोलवत होतो, पण मनात आमच्या स्वयंपाकघराची झडती चालू होती. कांदा-लसूण चटणी वगळली तर घरात उरतं काय? चहा. आणि तोही कुत्र्याला चालत नाही.

आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे तांबडा नको म्हणतोय न्हवं डॉक्टर? मग पांढरा दे की!"

पांढरा रस्सा दिसतो गरीब, पण लसूण त्यातही असतोच, हे तिला पटवण्यात माझा रविवार गेला. रस्सा तिचाच, आणि त्यात काय पडतं ते मी तिला सांगत होतो!

मग दुकान. तिथं कोरडं की ओलं, पिल्लाचं की मोठ्याचं, लहान चणीचं की थोराड जातीचं, अशी चौकशी सुरू झाली. मुलीचं स्थळ बघतानासुद्धा इतकं विचारत नाहीत. कोरड्या पोत्यावर प्रथिनं 24 टक्के, ओल्या डब्यावर 8. पोतं श्रीमंत वाटलं. पण डब्यात 78 टक्के पाणी आणि पोत्यात 10. गंगावेशीत डोळ्यांदेखत धार काढून दूध पिणाऱ्या माणसाला पाणी वजा करायला शिकवावं लागत नाही. हिशेब केला तर डबा 36 वर गेला आणि पोतं 27 च्या आतच राहिलं. तरी घेतलं पोतंच, कारण डब्याची किंमत बघून माझ्याच तांबड्या पेशी कमी झाल्या.

एवढ्यावर भागलं असतं. पण मी हौसेनं घरात वाचून दाखवलं, की 2013 साली शास्त्रज्ञांनी लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं ताडून बघितली, आणि पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात कितीतरी जास्त निघाल्या. माणसाजवळ राहून राहून त्याला आपलं अन्न पचायला लागलं.

"म्हंजे भाकरी," आई म्हणाली. "मग मी काय वेगळं सांगत होतो?"

तेव्हापासून पोत्यातल्या दाण्यांवर कुस्करलेली भाकरी पडते, आणि मटणाच्या दिवशी लसूण पडायच्या आधी गुंड्याचं वेगळं पातेलं चढतं. नुसतं पाण्यात शिजवलेलं, ना मीठ ना मसाला. पाहुण्यांना थांबायला लागतं, गुंड्याला नाही.

परिणाम व्हायचा तोच झाला. मागच्या खेपेला डॉक्टरांनी गुंड्याच्या कुशीवरून हात फिरवला, बराच वेळ फिरवला, आणि म्हणाले, "बरगड्या हाताला लागायला पाहिजेत, इथं काहीच लागत नाही. भाकरी बंद, आणि रोजचे दाणे या मापानं मोजून." प्लॅस्टिकचं एक छोटं माप त्यांनी माझ्या हातात दिलं.

ते मी आईसमोर ठेवलं. तिनं उलटंसुलटं करून बघितलं. "बरगड्या लागाय पाहिजेत? काय दुष्काळ पडलाय व्हय? दारात आलेल्या पाहुण्याला कधी मोजून वाढलं न्हाई, आणि घरच्या पोराला मापानं घालू?"

माप त्या संध्याकाळपासून सापडत नाही. पोतं जागेवर आहे, भाकरीची टोपली जागेवर आहे. गुंड्याला विचारलं, तर तो आईकडं बघतो.