विमान कंपनीचं प्रीमियम कार्ड: गोव्यात बसून मांडलेला हिशेब

विमान कंपनीचं महागडं क्रेडिट कार्ड घ्यावं का, असं हल्ली घरातली तरुण मंडळी मला विचारतात. लोकांचे हिशेब लिहिण्यात माझी उमर गेली, म्हणून असेल. माझं मत सांगून टाकते. गोव्यात राहणाऱ्या बहुतेकांनी या कार्डाच्या वाटेला जाऊ नये. ज्यांना परवडतं त्यांनी खुशाल घ्यावं, पण माहितीपत्रकात छापलेल्या किमतीवर भुलून घेऊ नये. त्या सोयीसाठी एरवी आपल्या खिशातून किती गेले असते, तेवढीच तिची किंमत धरावी.

सध्याचं निमित्त माझा भाचा. फोंड्यात त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि बँकेची एक गोड आवाजाची मुलगी त्याला दर आठवड्याला फोन करते. परवा घरी आला तो हिशेब घेऊनच. "मावशी, फी दहा हजार, आणि पहिल्याच वर्षी बिझनेस क्लासचं तिकीट फुकट. ते तिकीटच वीस हजारांचं गो!"

मी विचारलं, "स्वतःचे वीस हजार मोजून तू गोवा-मुंबई बिझनेस क्लासने गेला असतास?"

"छे गो, तासाभराच्या विमानाला?"

"मग नेहमीच्या सीटला किती देतोस?"

"साडेचार-पाच."

झालं तर. त्या तिकिटाची त्याच्यापुरती किंमत साडेचार-पाच हजार. रुंद खुर्ची, काचेच्या ग्लासातलं पाणी आणि आधी उतरायचा मान याचे फार तर हजारभर वर धरा. शिवाय अशा 'फुकट' तिकिटावरचे कर आणि विमानतळाचे आकार बहुधा आपल्यालाच भरावे लागतात, हे ती मुलगी शेवटी आणि भरभर सांगते.

आता फी. दहा हजारांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. लोक इथेच थांबतात, आणि माझं खरं भांडण इथून सुरू होतं. तेच खर्च साध्या कॅशबॅक कार्डावर केले असते तर काही रक्कम परत आली असती की नाही? दीड टक्का धरू. वर्षाला पाच लाख कार्डावर फिरवणाऱ्याला ७,५०० रुपये रोख मिळाले असते. ते सोडून तुम्ही माइल्स, म्हणजे पुढच्या तिकिटाला वापरायचे विमान कंपनीचे पॉइंट, घेताय, म्हणून तेही खर्चातच धरायचे. ११,८०० आणि ७,५०० मिळून १९,३००. एवढ्याचा खराखुरा फायदा वर्षाकाठी झाला तर कार्ड बरोबरीत सुटलं. फायदा त्याच्या पुढे. भाच्याने हा आकडा बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहून घेतला आणि बराच वेळ पेन चावत बसला.

त्यात पाच लाख 'फिरवायचे' म्हणजे नक्की कुठे? पेट्रोल, भाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांवर पुष्कळ कार्डं माइल्स देत नाहीत. विमा आणि वीजबिलावर कुठे मर्यादा, कुठे शून्य. दुकानाचा माल कार्डावर घेऊ म्हटलं तर डीलर दोन टक्के वर मागतो. तेवढे दिले की माइल्समधली मलई तिथेच संपली. आणि वैयक्तिक कार्डावर धंद्याची खरेदी केली तर माइल्स रोखायचा हक्क बँका अटींमध्ये राखून ठेवतात, ते वेगळंच. मग माणूस बक्षिसाच्या तिकिटासाठी ठरलेला खर्चाचा टप्पा गाठायला म्हणून मार्चमध्ये नको असलेला टीव्ही घेतो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

माइल्सचं मोल काढायची रीत सोपी आहे, तरी कोणी काढत नाही. उदाहरणादाखल आकडे घेऊ. रोखीने तिकीट ५,२००. माइल्सवर घेतलं तर ४,५०० माइल्स आणि वर ९०० रुपये कर. म्हणजे ४,५०० माइल्सनी तुमचे ४,३०० रुपये वाचवले, एका माइलचं मोल साधारण ९६ पैसे झालं. तेच तिकीट जुलैत, धो धो पावसात, ३,००० ला मिळत असेल आणि माइल्स तेवढेच लागत असतील तर माइल आला ४७ पैशांवर. गोव्याच्या मार्गावर ही चढउतार फार. नाताळ आणि मे महिन्यात भाडं आभाळाला टेकतं, म्हणजे तेव्हाच माइल्स वापरायला हवेत. पण तेव्हा माइल्सवर सीट मिळत नाही, मिळाली तरी माइल्सचा आकडाही फुगलेला असतो. चतुर्थीला मुंबईहून घरी येणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

या कार्डांचा हिशेब दिल्ली-मुंबईच्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केलेला असतो. आपलं वेगळं आहे. आपल्याला विमानतळ दोन. दाबोळी नौदलाच्या तळावर, तिथे आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी नौदलाच्या उड्डाणांमुळे नागरी विमानांना जागा कमी. मोपा जानेवारी २०२३ पासून चालू, पण पेडण्याच्या टोकाला. मडगाव-काणकोणच्या माणसाने मोपाची टॅक्सी केली की स्वस्त तिकिटाची स्वस्ताई वाटेतच संपते. (कदंबची बस जाते, पण पहाटेच्या विमानाला ती धरायची म्हणजे रात्र जागून काढायची.) मग गोंयकार तिकीट कसं काढतो? आधी विमानतळ, मग वेळ, मग भाडं, आणि कंपनी सर्वांत शेवटी. एकाच कंपनीला वर्षभर बांधून घेणारं कार्ड अशा माणसाच्या काय कामाचं? देशात साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी इंडिगोने जातात, आणि इथून उडणारी बहुतेक विमानं बजेट कंपन्यांची. बिझनेस क्लासचं व्हाउचर हातात घेऊन ती सीट असलेलं विमान शोधत बसायचं.

परदेशाचं तर आणखी मजेशीर. आपली निम्मी माणसं आखातात नाहीतर आखातातून पुढे. कतार एअरवेजचं दोहाचं विमान २०२४ पासून मोपावरून जातं. विमान कंपन्यांचे गट असतात, आणि माइल्स बहुधा आपल्याच गटात चालतात. कतार वनवर्ल्ड या गटात, एअर इंडिया स्टार अलायन्समध्ये. एअर इंडियाच्या कार्डावर जमवलेले माइल्स दोहाच्या विमानाला उपयोगाचे नाहीत. ते लुफ्तान्झा किंवा सिंगापूर एअरलाइन्सवर वापरायचे तर बहुधा आधी मुंबई किंवा दिल्ली गाठायची. आणि लिस्बनला जाऊन हेच कार्ड घासलं तर बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के परकीय चलनाचा आकार, त्यावर जीएसटी. लाखाच्या खर्चाला ४,१३० रुपये. जमवलेले माइल्स तिथेच गळाले.

बोटीवर काम करणाऱ्या आमच्या एका शेजाऱ्याला वाटायचं की कार्ड नसेल तर माइल्सच मिळत नाहीत. त्याची तिकिटं कंपनी काढते. अहो, विमान कंपनीचं सभासदत्व फुकट असतं! प्रवास केल्याचे माइल्स प्रवाशाच्या खात्यात जमा होतात, तिकिटाचे पैसे कोणी का भरेना. फक्त बुकिंगमध्ये सभासद क्रमांक घालायचा. कार्ड जे देतं ते खर्चावरचे जादा माइल्स. एवढं कळलं तरी निम्म्या तारवटींचा, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांचा, प्रश्न मिटेल.

लाउंजबद्दल, म्हणजे विमानतळावरच्या खाण्या-बसायच्या खोलीबद्दल, फार लिहीत नाही. म्हापशात भाजी-पाव खाऊन मोपाला निघालेल्या माणसाला तिथला उपमा कशाला? कार्डावर दोन रुपये कापून आत सोडतात हे खरं, पण आता बऱ्याच बँकांनी आधीच्या तिमाहीत अमुक खर्च केला असेल तरच प्रवेश, अशी अट घातली आहे. शिवाय सुट्टीच्या दिवसांत दाराबाहेर रांग.

एक गोष्ट मात्र तरुणांना आवर्जून सांगते, कारण त्यांनी ती पाहिलेली नाही. विजय मल्ल्यांची किंगफिशर विमान कंपनी २०१२ मध्ये बसली. तिच्या कर्जापोटी बँकांनी कांदोळीचा मल्ल्यांचा व्हिला लिलावात काढला, लिलाव पुन्हा पुन्हा फसले, आणि शेवटी २०१७ मध्ये तो विकला गेला. जेट १७ एप्रिल २०१९ ला थांबली. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. विस्तारा चांगली चालली होती, तीही १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. विस्ताराच्या पॉइंटधारकांचं नशीब चांगलं, एकास एक पॉइंट बदलून मिळाले. पण ज्या कार्डावर अडीच लाख, पाच लाख असे टप्पे गाठून बिझनेस क्लासची तिकिटं मिळायची, ते त्या रूपात राहिलं नाही. म्हणून माइल्स साठवून ठेवू नयेत. त्यांवर व्याज नाही, आणि भाव कंपनी ठरवेल तो. मिळाले की वापरा.

मग घ्यावं कोणी? पणजीतले माझे एक अशील आहेत, कामासाठी महिन्यातून दोन-तीनदा दिल्लीला जातात, स्वतःच्या पैशाने, नेहमी एकाच कंपनीने. घरखर्च, मुलांची फी सगळं कार्डावर, आणि बिल पूर्ण भरतात. त्यांना मी स्वतः म्हटलं, भाऊ, घ्या. जादा सामान, सीट बदलायची सोय, टप्प्यांची तिकिटं, सगळं त्यांच्या उपयोगाचं. १९,३०० ची रेघ ते पावसाळ्याआधीच ओलांडतात. पण जो एखाद्या महिन्यात 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कमच, भरून भागवतो त्याने कुठलंच प्रीमियम कार्ड घेऊ नये. महिना साडेतीन टक्के व्याज म्हणजे वर्षाला ४२ टक्के. त्यापुढे कसले माइल्स!

भाच्याला मी एवढंच सांगितलं की गेल्या वर्षीची सगळी तिकिटं काढ, कुठल्या कंपनीची, कुठून, किती रुपयांना ते लिही, आणि मग मला दाखव. त्याचा प्रवास म्हणजे मुख्यतः मुंबई, आणि तोही निम्मा वंदे भारतने, हे मला ठाऊक आहे. पण त्याने स्वतः मांडलेलं बरं. घेतलंच तर दुसऱ्या वर्षाची फी लागायच्या महिनाभर आधी फोनवर आठवण लावून ठेव, असंही बजावलं. तेव्हा बँकेला फी माफ करायला सांगायचं, नाही म्हणाले तर थकबाकी चुकती करून कार्ड बंद करायचा लेखी अर्ज द्यायचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं, नाहीतर बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये दंड द्यायचा असतो. हे ऐकून तो म्हणाला, "मावशी, मग ते बंद करायलाच उशीर करू देत की!"