राजवाड्याशेजारी काचेची इमारत कशी उठवावी

इंदूरच्या राजवाड्यालगतच्या एखाद्या गल्लीत पणजोबांचा वाडा आपल्या वाट्याला आला असेल आणि त्यावर सगळ्या चुलतभावांच्या सह्या एकदाच्या झाल्या असतील, तर आपले मनापासून अभिनंदन. आता तो पाडून तेथे ठसठशीत आधुनिक इमारत उभारावी, असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. नाके मुरडणारी मंडळी घरातूनच निघतील. विशेषतः जी तीस वर्षांपूर्वी गल्ली सोडून फ्लॅटमध्ये गेली, त्यांचे वाड्यावरचे प्रेम अंतराच्या प्रमाणात वाढलेले असते. त्यांच्यापुढे आपली बाजू लंगडी पडू नये, एवढ्यासाठीच हे चार शब्द.

प्रथम इतिहासाचा आधार घ्यावा. खाली तीन दगडी आणि वर चार लाकडी असे राजवाड्याचे सात मजले होळकरांनी चढवले, तेव्हा त्यांनी आसपासच्या बुटक्या घरांची परवानगी घेतली नव्हती, हे ठणकावून सांगावे. त्याच दमात माणिकबाग महालाचाही विषय काढावा. 1930 च्या सुमारास तरुण यशवंतराव होळकरांनी एकार्ट मुथेसियस या तिशीही न गाठलेल्या जर्मन वास्तुकाराकडून असा महाल बांधून घेतला, की त्याच्या साध्या, सरळ रेषांकडे युरोपनेही वळून पाहावे. मात्र हा महाल राजवाड्याच्या नाकासमोर नसून बागेच्या मोकळ्या जागेत आहे आणि त्यातील सामानसुमानापर्यंत सारे विचारपूर्वक ठरवलेले होते, हा तपशील चर्चेत गाळलेला बरा. त्या सामानातले बरेचसे 1980 मध्ये मोनॅकोत लिलावात निघाले आणि इमारतीत पुढे करखात्याचे कार्यालय आले, हे सांगायला हरकत नाही. धाडसी वास्तुकलेची सरकार शेवटी कदर करते, एवढे त्यातून सिद्ध होते.

यानंतर प्रत्यक्ष कामाला लागावे, म्हणजे एलिव्हेशन, अर्थात इमारतीच्या दर्शनी बाजूचे चित्र, काढून घ्यावे. खोल्या, जिने, वारा, पाणी या गोष्टी मागाहून कोठेतरी बसतातच. मला आमच्या शेजाऱ्यांनी त्यांचे एलिव्हेशन मोठ्या कौतुकाने दाखवले होते. निळी काच, मध्ये एसीपीचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत पत्र्याचा, नारंगी पट्टा, दारात ताडाची दोन झाडे आणि पर्स घेऊन निघालेली एक गोरी बाई. चित्रात गल्ली साठ फूट रुंद होती आणि विजेची एकही तार नव्हती. प्रत्यक्षात त्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या, की एकीला ओट्यावर चढावे लागते.

काच पश्चिमेकडेच बसवावी, कारण रस्ता तिकडे आहे. माळव्याच्या रात्री गार असतात आणि वाड्याच्या चौकातून तो गारवा जाड भिंतींत उतरून दुसऱ्या दुपारपर्यंत पुरतो, ही जुनी समजूत आता सोडून द्यावी. न उघडणाऱ्या काचेमागे मे महिन्यात जे तापते त्यावर एसी हा उपाय आहे, आणि एसीची गरम हवा गल्लीत सोडता येते. तेथे फक्त लोक चालतात.

कोणी पॅट्रिक गेडीसचे नाव काढले तर गडबडून जाऊ नये. इंदूरच्या नगररचनेवर 1918 मध्ये दोन खंडांचा अहवाल लिहिणारा हा गृहस्थ जुन्या वस्त्या सरसकट पाडण्याच्या विरोधात होता. निवडक मोडकी घरे काढावीत, मोकळी जागा करावी, तेथे झाड लावावे, असे त्याचे म्हणणे. दोन्ही खंडांचा आदरपूर्वक उल्लेख करावा आणि पुढच्या विषयाकडे वळावे. 1984 च्या आगीत जळालेला राजवाड्याचा भाग पुढे जुन्याच पद्धतीने पुन्हा बांधला, असली वेळखाऊ उदाहरणेही मनावर घेऊ नयेत. वारसाप्रेमींचे समाधान करायचेच असेल, तर काचेवर फायबरची एक कमान चिकटवावी.

खरी अडचण ओट्याची आहे. सराफ्यात रात्री सोन्याची दुकाने बंद झाली, की त्यांच्याच दारापुढे भुट्ट्याच्या किसाची कढई चढते, आणि जिच्यासाठी लोक गावोगावहून येतात ती गंमत निम्मी त्या ओट्यांवर बसलेली असते. आपल्या इमारतीत हे चालणार नाही. तळघरात पार्किंग दाखवायचे असल्याने जोते चार फूट उचलले जाईल, दर्शनी भागात उतार येईल आणि उतारापाशी शिट्टीवाला रखवालदार बसेल. तळघरात पुढे गोदाम होईल, तो भाग वेगळा.

याच शहरात वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांनी 1980 च्या दशकात अरण्य वसाहत आखली, ती पुरती आधुनिक होती आणि तरीही घरापुढचा ओटा त्यांनी राखला. 1995 मध्ये तिला आगा खान पुरस्कार मिळाला. पण ती मुख्यतः गरिबांसाठी होती. आपल्याला ओटा कोठून परवडणार? तेव्हा दोशींच्या वळणाचा एखादा वास्तुकार चुकून गाठ पडलाच, तर सावध राहावे. दुपारी चार वाजता ऊन कोठे येते, समोरच्या घराचा सज्जा किती उंचीवर आहे, रात्री दारात कोण बसते, असले प्रश्न तो विचारील, आणि नवी इमारत नवीच दिसू द्या पण गल्लीत राहायला शिकवा, असे काहीतरी म्हणेल. त्याला चहा पाजून, ‘एलिव्हेशन कधी देता?’ एवढेच विचारावे. पुन्हा येणार नाही.

वाडा पाडताना सागवानी खांब फेकून देऊ नयेत, जुन्या लाकडाचा व्यापारी ते रोखीने उचलतो. काही महिन्यांनी बायपासवरच्या एखाद्या महागड्या हॉटेलात आपण सहकुटुंब जेवायला जाल आणि टेबलाशेजारी तोच खांब उभा असेल. त्यावर आत्याची उंची मोजताना आजोबांनी खिळ्याने ओढलेल्या रेघा नव्या वॉर्निशखालून दिसतील. वेटरजवळ ओळख सांगू नये. बिलात धरतील.