द्राक्षबागेत ड्रोन आला म्हणून ब्लोअर विकू नका

"ड्रोनने 10 लिटर पाण्यात एकर होतो, औषध निम्मं लागतं, ब्लोअर विकून टाका." गोडी छाटणीच्या (फळांसाठी ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या छाटणीच्या) दिवसांत हा दावा शेतकऱ्यांच्या ग्रुपवर फिरतो. ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरला जोडलेलं, पंख्याच्या हवेने औषध फवारणारं यंत्र. वेळ आणि मजुरी वाचते हे खरं आहे. सोयाबीनसारख्या सपाट पिकावर किंवा आत शिरता येत नाही अशा उंच उसात ड्रोन उत्तम काम करतो. द्राक्षवेल मात्र वेगळी.

पहिला प्रश्न औषध कुठे पडतं हा. डाऊनी म्हणजे केवडा रोग. त्याची बुरशी पानाच्या खालच्या बाजूच्या पर्णरंध्रांतून आत शिरते आणि तिची पांढरी वाढही तिथेच दिसते. ड्रोन वरून खाली मारतो. मांडवावर तर वरची पानं छत्रीसारखी थेंब अडवतात आणि घड त्यांच्याखाली लोंबतात. खात्री करायची तर पाणी पडताच निळा होणारा पिवळा कागद घ्या. एक तुकडा पानाच्या वर, एक खाली, एक घडाच्या आतल्या बाजूला टाचा आणि नुसतं पाणी फवारा. खालचा कागद पिवळाच राहिला तर तिथे डाऊनीला मोकळं रान आहे. सालीखाली दडलेल्या मिलीबगला (पिठ्या ढेकणाला) तर खोड आणि ओलांडे (वेलीच्या आडव्या कायम फांद्या) धुवावेच लागतात.

"औषध निम्मं लागतं" यात तर सरळ हिशेबाची चूक आहे. लेबलवर 2 ग्रॅम प्रति लिटर असेल आणि एकरी 400 लिटर पाणी लागत असेल, तर एकरी मात्रा 800 ग्रॅम. ड्रोनच्या 10 लिटरमध्ये त्याच दराने 20 ग्रॅम टाकले तर रोग हटत नाही. 800 ग्रॅम ओतले तर द्रावण 40 पट तीव्र होतं: पावडर तळाला बसते, नोझल चोंदतात, कोवळ्या फुटीवर डाग पडतात. ताम्रयुक्त किंवा गंधकाची भुकटी असेल तर हे हमखास. म्हणून ड्रोनसाठी मान्यता आणि मात्रा लेबलवर असेल तेच औषध वापरा.

वाऱ्याचं तर वेगळंच. बारीक थेंब शेजारच्या बागेत उडतात. त्या बागेची द्राक्षं युरोपला जाणार असतील तर औषधाच्या अवशेषांच्या तपासणीत अडकेल तो शेजारी.

पाणी वाचवायचं असेल तर आधी ब्लोअर तपासा. 9 फूट ओळीत एकराला 4,840 फूट चाल लागते. टाकी काठोकाठ भरा, नेहमीच्या गिअर आणि पीटीओ (ब्लोअर फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा) वेगाने 484 फूट फवारा, पुन्हा काठोकाठ भरा. जेवढं पाणी लागलं ते गुणिले 10, म्हणजे तुमचं एकरी पाणी. मग प्रत्येक नोझलखाली मोजपात्र धरून एक मिनिट पाणी गोळा करा. नव्या नोझलपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त देणारं बदला. कॅनॉपी (वेलीचा पानोळा) लहान असताना वरची नोझल बंद ठेवायची. आम्हाला वाटतं, निम्मी नासाडी इथेच थांबते.

अवकाळी पावसानंतर ट्रॅक्टर चिखलात रुतत असेल तेव्हा ड्रोनचा आधार घ्या, फक्त पायलटकडे प्रमाणपत्र आहे का ते पाहा. वाफसा आला (जमीन चालण्याजोगी सुकली) की पानाच्या खालून ब्लोअरची फवारणी करायचीच.