दीडशे वर्षं नकोत, शेवटची दहा वर्षं धड हवीत

'माणूस दीडशे वर्षं जगणार' ही बातमी अधूनमधून फिरत असते. तिच्याखाली अमरत्वाच्या गप्पा रंगतात आणि खरी मोलाची गोष्ट बाजूला पडते, याचं मला वाईट वाटतं.

१९९३ साली अमेरिकी शास्त्रज्ञ सिंथिया केनियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या, जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या सी. एलेगन्स या कृमीवर काम केलं. 'डॅफ-२' या एका जनुकात बदल झाला की त्याचं आयुष्य दुपटीहून जास्त होतं, हे त्यांना दिसलं. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट जास्त भावते. साधा कृमी दोन आठवड्यांत ढेपाळतो, जागचा हलत नाही. त्याच वयाचा, हे जनुक बदललेला कृमी बशीत सळसळत फिरत असतो. म्हणजे नुसते दिवस वाढले नाहीत, तरुणपणच लांबलं. हे जनुक इन्शुलिनसारखे संदेश घेणाऱ्या प्रथिनाचं आहे, आणि ती यंत्रणा आपल्यातही आहे. हवाईतल्या जपानी वंशाच्या पुरुषांत याच यंत्रणेतल्या 'फॉक्सओ३' जनुकाचा एक प्रकार दीर्घायुषी लोकांत जास्त आढळला, तो २००८ साली.

माझी आत्या नव्वदी ओलांडून गेली. शेवटची कित्येक वर्षं ती खाटेवरच होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणली होती, तरी माझी वहिनी रात्री दोन-दोनदा उठून तिची कूस बदलायची. भेटायला येणारे म्हणायचे, "भाग्यवान हो, नव्वदी पाहिली!" मला ते कधीच पटलं नाही. संशोधनाने ही खाटेवरची वर्षं कमी करावीत, एवढंच माझं मागणं आहे.

म्हणूनच मेटफॉर्मिनचा विषय मनातून जात नाही. हो, तीच, घरोघरच्या डब्यातली शुगरची स्वस्त गोळी. ती म्हातारपणाचे आजार पुढे ढकलते का, हे तपासायला अमेरिकेत म्हातारपणावर संशोधन करणारे नीर बार्झिलाई यांनी ६५ ते ७९ वयाच्या सुमारे ३,००० लोकांवर चाचणी आखली. पैशाअभावी ती वर्षानुवर्षं रखडली. पेटंट संपलेल्या औषधात कोणती कंपनी पैसा ओतणार? उंदरांत एकट्या मेटफॉर्मिनने आयुष्य ठामपणे वाढलं नाही, हेही खरं. पण मग माणसांत नीट तपासून एकदाचा सोक्षमोक्ष लावा ना!

ही गोळी आपल्याकडे ढिगाने बनते आणि ढिगाने खाल्ली जाते. मग आयसीएमआरने, म्हणजे आपल्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने, सरकारी पैशातून अशी चाचणी इथेच का घेऊ नये? मोजायचं काय, तर माणूस आपल्या पायांनी संडासला जातो का, घरच्यांना ओळखतो का, हातात घास धरतो का. निकाल 'उपयोग नाही' असा आला तरी हजारो लोकांचा खर्च वाचेल. आणि तोवर मधुमेह नसताना ही गोळी कुणी आपल्या मनाने सुरू करू नका. ती वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, हातापायांना मुंग्या येऊ लागतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.