औषधांची चिठ्ठी हातात पडली पाहिजे
रुग्ण डॉक्टरांना पारखतात ते त्यांच्या बोलण्यावरून आणि दिलेल्या वेळावरून, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं पटलं. पण सुरक्षिततेचं काय? आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीकडे तर जास्तच, चांगला डॉक्टर म्हणजे सुई देणारा आणि लगेच उतार पाडणारा. सुई दिली नाही की लोक म्हणतात, नुसत्या गोळ्यांवर बोळवण केली.

खरा धोका कागदाच्या पुडीत आहे. सुट्या गोळ्या, ना नाव ना चिठ्ठी. माझ्या आत्याला गुडघेदुखीसाठी कित्येक महिने अशाच पुड्या मिळत होत्या. चेहरा सुजला, साखर वाढली, तेव्हा बेळगावला नेलं. तिथे पहिला प्रश्न, आधी काय चालू होतं? सांगायला आमच्याकडे काहीच नव्हतं. स्टेरॉइड, म्हणजे सूज-दुखणं झटकन दाबणारं औषध, असावं असा तिथल्या डॉक्टरांचा अंदाज. आणि तसं असेल तर ते एकदम बंद करणंही जिवावर बेतू शकतं!

औषधाचं जेनेरिक नाव (कंपनीचं नाही, मूळ औषधाचं) वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत लिहावं, अशी दुरुस्ती डॉक्टरांच्या आचारनियमांत तेव्हाच्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने २०१६ मध्येच केली आहे. तरी चिठ्ठी मागितली की ‘विश्वास नाही का?’ असं ऐकावं लागतं. विश्वास आहेच, म्हणून तर घरंच्या घरं वर्षानुवर्षं त्याच दवाखान्यात जातात. चिठ्ठी कन्नडमध्ये असो की इंग्रजीत, मेडिकलवाला वाचून सांगेल. आधी ती हातात तर द्या.