आधी तुमचा हिस्सा भरा

गावच्या समुद्राकाठच्या पुळणीलगतची जमीन विकत घेऊन आहे तशी राखून ठेवावी, असा भलता विचार तुमच्या ग्रामपंचायतीच्या डोक्यात आला असेल तर घाबरू नका. तो मोडता येतो. आमच्या गावाने दोन वर्षांत मोडून दाखवला. गेल्या महिन्यात त्या अडीच एकरांचं खरेदीखत झालं, अर्थात दुसऱ्याच्या नावावर. त्या अनुभवातून आलेल्या काही युक्त्या देतो.

पहिली म्हणजे, पैसा एका ठिकाणहून कधीही घेऊ नका. थोडा पंचायतीचा, थोडा जिल्ह्याचा, थोडा एखाद्या कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठी काढलेल्या निधीचा, उरलेला लोकवर्गणीचा. याला सामायिक निधी म्हणतात. ‘सामायिक’ हा शब्द सातबाऱ्यावर असला की काय होतं, ते कोकणातल्या माणसाला मी वेगळं सांगायला नको.

मग प्रत्येकाकडून पत्र घ्या. कंपनीने लिहून दिलं, पंचायतीचा हिस्सा जमा झाल्याचा दाखला मिळताच आमची रक्कम वर्ग करू. पंचायतीने ठराव केला, जिल्ह्याची प्रशासकीय मान्यता येताच हिस्सा भरू. जिल्ह्याने कळवलं, लोकवर्गणीची बँक पावती जोडून प्रस्ताव फेरसादर करावा. आणि लोक म्हणाले, कंपनी देतेय ना, मग आमच्या खिशात हात कशाला? मधल्या काळात ३१ मार्च येऊन गेला आणि कंपनीचे पैसे कुठल्याशा शाळेच्या रंगकामाला गेले. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

त्या प्रस्तावाच्या पाठी मी स्वतः सात वेळा जिल्ह्याला गेलो. टेबलावरच्या साहेबांनी फाईल उघडली.

“जमीन घेऊन करणार काय?”

“काही नाही. आहे तशी ठेवणार.”

“काही नाही म्हणजे?”

“केवड्याचं बन आहे, मर्यादवेल आहे, थंडीत कासवं अंडी घालायला येतात. त्यांना येऊ द्यायचं.”

साहेब बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “अहो, पण मग लेखाशीर्ष कुठलं लावू?”

लेखाशीर्ष म्हणजे खर्च टाकायचं सरकारी खातं. सभामंडपाला ते आहे. स्मशानशेडला आहे. पेव्हर ब्लॉकला आहे, कमानीला आहे. काहीच न बांधण्याला नाही. पंधराव्या वित्त आयोगातून पंचायतीला आलेल्या पैशाचं विचारलं तर त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले, आणि उरलेल्या ४० टक्क्यांकडे आधीच सगळा गाव आ वासून बसलेला. शेवटी साहेबांना माझी दया आली. “दोन बाकडी आणि एक सेल्फी पॉइंट दाखवा, लगेच बसवून देतो.” म्हणजे पुळण वाचवायची तर आधी तिच्यावर काँक्रीट ओता! हे त्यांनी अगदी मनापासून, मदत म्हणून सांगितलं हो. मला तिथेच हसावं की टेबल उलटं करावं कळेना.

बॅनरवर कासवाचा फोटो मोठा छापा. सरपंचांचा त्याहून मोठा.

कुणी फारच मागे लागलं तर “सीआरझेड आहे की, विकत कशाला घ्यायची?” असं विचारा. हा प्रश्न हमखास चालतो. किनाऱ्यावरच्या बांधकामाला बंधनं घालणारी ती केंद्राची अधिसूचना १९९१ ला आली, २०११ ला नवी आली, २०१९ ला आणखी नवी आली आणि दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरचा ना-विकास पट्टा २०० मीटरचा ५० मीटर झाला, एवढं फक्त सांगू नका. कागदावरची रेघ दिल्लीत सरकते. सातबाऱ्यावरचं नाव तसं सरकत नाही, म्हणून तर घ्यायची होती.

परदेशातली उदाहरणं देणाऱ्याला खाली बसवा. फ्रान्सने १९७५ साली किनाऱ्यावरच्या जमिनी विकत घेण्यासाठीच सरकारी संस्था काढली. ती जमीन घेते आणि देखभाल स्थानिक पालिकांकडे सोपवते. अमेरिकेतल्या नांटुकेट बेटावर १९८३ पासून जमीनजुमला घेणाऱ्याकडून दोन टक्के वसूल करतात आणि त्यातून मोकळी जमीन राखतात. म्हणजे बाहेरची पार्टी बंगल्याला जागा घेते, तिच्याच पैशातून शेजारचा किनारा वाचतो. असलं काही ग्रामसभेत बोलायचं नसतं. मी बोललो. “मग तिकडेच जा राहायला,” असा आवाज मागून आला आणि लोक हसले. तुम्हीही हसलात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जमिनीच्या मालकिणीला ताटकळत ठेवा. आमच्या काकी दोन वर्षं थांबल्या. दर दुप्पट झाला तरी पहिल्याच दराला थांबल्या. रस्त्यात दिसल्या की विचारायच्या, “झालं काय रे बाबा?” आणि मी म्हणायचो, “काकी, फक्त एक सही राहिलीय.” पुढे पुढे मी वाट बदलून जायला लागलो. मग त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. पार्टी पूर्ण पैसे घेऊन आली, आठ दिवसांत साठेखत.

आता केवडा तोडलाय. मर्यादवेलीतून सिमेंटचे खांब गेलेत, समुद्रावर जायच्या वाटेवर गेट बसलंय. आणि गावच्या ग्रुपवर तुम्ही, होय तुम्हीच, “म्हातारीने गाव विकलं” म्हणून लिहिताय! लाज वाटू द्या थोडी. शिमग्याला चार दिवस येता, देवळाच्या कमानीला नाव कोरायला हजारो मोजता, आणि वर्गणीच्या मेसेजला नुसता अंगठा दाखवून मोकळे झालात. त्या बाईने एकटीने दोन वर्षं किनारा राखला. सरकारने नाही, कंपनीने नाही, तुम्ही-आम्ही नाही. गेटबद्दल पंचायतीने काहीतरी करावं म्हणताय, पंचायत काय करणार? वर्गणीची वही अजून माझ्याकडे आहे, पैसे परत करायचेत. सतरा नावं आहेत. त्यात काकींच्या मोलकरणीचं आहे, तुमचं नाही.